स्पिटफायरचे पहिले मॉडेल : जोडणीपासून शेवटच्या थरापर्यंत

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून बनवलेल्या माझ्या पहिल्या विमानाच्या मॉडेलच्या वेळी मला सर्वांत जास्त गोंधळात टाकले ते किटमधील सूचनापत्रिकेने. कोणता भाग कुठे बसतो हे तीत आकृत्यांसह दिलेले होते. पण कोणते काम कधी करायचे, रंग जोडणीआधी द्यायचा की नंतर, आणि दोन कामांच्या मध्ये किती थांबायचे, याविषयी तीत एक ओळही नव्हती. हा लेख त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे. उदाहरण म्हणून मी १९४० च्या उन्हाळ्यातील सुपरमरीन स्पिटफायर मार्क १ (‘मार्क’ म्हणजे आवृत्ती) हे ब्रिटिश लढाऊ विमान घेतले आहे. एक इंजिन, खाली बसवलेले पंख आणि शेपटीखाली चाक अशी त्याची रचना असल्यामुळे नाकात वजन भरावे लागत नाही, आणि या विमानाची छायाचित्रे व आराखडे विपुल उपलब्ध आहेत. हरिकेन किंवा मेसरश्मिट १०९ घेतले तरी कामाचा क्रम हाच राहतो.

१. आधी प्रमाण आणि तारीख ठरवा

लढाऊ विमानांसाठी १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे सर्वाधिक प्रचलित आहेत. १/७२ म्हणजे मॉडेलवरील एक इंच बरोबर मूळ विमानाचे सहा फूट, आणि १/४८ म्हणजे एक इंच बरोबर चार फूट. स्पिटफायर मार्क १ च्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. म्हणून तो १/७२ मध्ये सुमारे १५.६ सेंटीमीटर, १/४८ मध्ये २३.४ आणि १/३२ मध्ये ३५ सेंटीमीटर भरतो. नवशिक्याने १/४८ घ्यावे असे माझे ठाम मत आहे. १/७२ स्वस्त आणि सुटसुटीत असले तरी त्याचे बारीक भाग चिमट्यातून उडतात, आणि १/३२ मध्ये कॉकपिटचे काम इतके वाढते की पहिलेच मॉडेल अर्धवट राहण्याची भीती असते.

तारीख ठरवणे याहूनही महत्त्वाचे आहे. ‘स्पिटफायर’ बनवायचे असे न म्हणता एका विशिष्ट अनुक्रमांकाचे विमान एका विशिष्ट महिन्यात कसे दिसत होते, ते बनवायचे असे ठरवावे. ऑगस्ट १९३८ मध्ये हे विमान डक्सफर्डच्या १९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले तेव्हा त्याला दोन पात्यांचा लाकडी पंखा होता; १९४० पर्यंत तीन पाती आलेली होती. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, सुरुवातीला सपाट होती, नंतर ती वर फुगीर झाली. युद्धाच्या आरंभी विमानाच्या पोटाकडची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी असे. जून १९४० पासून तिथे ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग आला. शेपटीजवळचा ‘स्काय’ पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोकदार टोपी) नोव्हेंबर १९४० अखेरीस आले, म्हणून ऑगस्टच्या विमानावर तो पट्टा रंगवणे ही चूक ठरते. एकदा तारीख पक्की झाली की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

यासाठी पुढील कागदपत्रे समोर ठेवावीत:

- निवडलेल्या विमानाचे निदान एक मूळ छायाचित्र, शक्यतो बाजूने घेतलेले;
- त्याच मार्कचा प्रमाणबद्ध आराखडा, चारही बाजूंनी;
- कॉकपिट आणि चाकांच्या खोबणीची छायाचित्रे. संग्रहालयातील विमानांची छायाचित्रे चालतात, पण ती विमाने अनेकदा पुन्हा रंगवलेली असतात. त्यामुळे त्यांच्यावरून आकार घ्यावा, रंग घेऊ नये.

डब्यावरील चित्र हे चित्रकाराने काढलेले असते. त्याला पुरावा मानू नये.

२. साहित्य

सुरुवातीला फार थोडी साधने लागतात: सपाट धारेचा बारीक कटर, बदलत्या पात्याचा हॉबी चाकू, कापण्याची चटई, टोकदार चिमटा, बारीक कानस, ४०० ते २००० क्रमांकांपर्यंतचे पाणकागद, मास्किंग टेप, कपड्यांना लावायचे काही चिमटे आणि रबरबँड.

चिकटवण्यासाठी तीन वेगवेगळे पदार्थ लागतात, आणि एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये. ब्रशच्या झाकणाचे पातळ प्लॅस्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून दोन भाग एकजीव करते. सुपरग्लू धातू किंवा रेझिनच्या भागांसाठी असतो. पारदर्शक भागांसाठी पांढरा पाण्याचा गोंद वापरावा, कारण सुपरग्लूच्या वाफेने काच पांढुरकी होते. माझी पहिली कॅनोपी अशीच धुरकट झाली आणि तेव्हा ती वाचवता आली नाही.

त्याखेरीज पुट्टी, प्रायमर, रंग, थिनर, ग्लॉस आणि मॅट वार्निश, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) मऊ करणारे द्रावण आणि दोन-तीन चांगले ब्रश लागतात. एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारे लहान उपकरण) असल्यास उत्तम. नसल्यास पहिले मॉडेल हाताने रंगवता येते. फवारणी करताना खिडकी उघडी ठेवावी आणि सेंद्रिय वाफा अडवणारा गाळणीयुक्त मास्क लावावा. कापडी मास्क धूळ काही प्रमाणात अडवतो, पण थिनरची वाफ अडवत नाही.

३. भाग धुणे आणि सोडवणे

साच्यातून प्लॅस्टिक सहज सुटावे म्हणून साच्याला लावलेला तेलकट पदार्थ कधीकधी भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून सर्व चौकटी, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या सांगाड्या, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवाव्यात. पाणी गरम असू नये. पातळ भाग वाकतात.

भाग चौकटीतून सोडवताना कटर भागाला अगदी चिकटवून चालवू नये. आधी थोडे अंतर ठेवून कापावे, मग उरलेला कोंब चाकूने कापावा आणि पाणकागदाने सपाट करावा. एकदम चिकटून कापल्यास प्लॅस्टिकचा लहानसा टवका भागातूनच निघतो, आणि तो खड्डा पुढे पुट्टीने भरत बसावे लागते. सगळे भाग एकाच वेळी सोडवू नयेत, कारण चौकटीवरचा क्रमांक ही त्यांची एकमेव ओळख असते.

४. कॉकपिट

जोडणीआधी रंगवायचा भाग हाच. धड बंद झाल्यावर आत हात पोचत नाही. आतल्या भिंतींना करडा-हिरवा रंग, उपकरणांच्या फलकाला काळा आणि आसनाच्या पट्ट्यांना फिकट तपकिरी-पांढरट रंग द्यावा. त्यानंतर पातळ केलेला गडद रंग कोपऱ्यांत सोडला आणि उठावावर कोरड्या ब्रशने फिकट रंग ओढला की बरगड्या व कळा स्पष्ट दिसतात. कॅनोपी बंद ठेवणार असाल तर इथे फार वेळ घालवू नये. काचेच्या आड आसन, पट्टे आणि फलकाचा वरचा भाग एवढेच दिसते. तयार कॉकपिट आत ठेवून धडाचे दोन्ही अर्धभाग न चिकटवता जुळतात का, हे मात्र तपासावेच. कॉकपिट अर्धा मिलिमीटर जास्त रुंद असेल, तर धड बंद होत नाही आणि पुढे पंखही नीट बसत नाहीत.

५. जोडणी आणि सांधे

मॉडेल चांगले की वाईट हे इथे ठरते, म्हणून या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो.

प्रत्येक जोडणी आधी कोरडी करून पाहावी. भाग बोटांनी जुळवून उजेडासमोर धरावा, फट कुठे दिसते ते पाहावे, आणि फट पडण्याचे कारण शोधावे. बहुतेक वेळा एखादी बारीक कोर, साच्याचा उंचवटा किंवा आतली खूण मध्ये येत असते. ती तासली की पुट्टीची गरजच उरत नाही. त्यानंतर भाग एकत्र धरून पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला फक्त टेकवावा. द्रव स्वतःच फटीतून धावत जातो. त्या ठिकाणी बोट मात्र नसावे, कारण सिमेंट बोटाखाली ओढले जाते आणि बोटाचा ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा उमटतो. हलके दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर आली तर सांधा नीट बसला असे समजावे. ती रेघ लगेच पुसू नये; पूर्ण कडक झाल्यावर तासावी.

पूर्ण कडक होण्यास निदान एक दिवस द्यावा. वरून कोरडा वाटणारा सांधा आत मऊ असतो. तो त्याच संध्याकाळी घासला तर काही दिवसांनी आकसतो आणि रंगाखालून खाच डोकावू लागते. हा दोष रंग झाल्यावरच दिसतो, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी सगळा रंग काढावा लागतो.

स्पिटफायरमध्ये तीन जागा त्रास देतात. पहिली, पंख आणि धड यांचा वरचा सांधा. मूळ विमानात तिथे गुळगुळीत वळणदार आच्छादन असते, त्यामुळे फट लगेच नजरेत येते. दुसरी, पंखांचा वर जाणारा कोन, जो या विमानात सुमारे सहा अंश आहे. पुठ्ठ्याचा त्या कोनात कापलेला साचा पंखाखाली ठेवून, टेपने पंख ताणून मगच सिमेंट सोडावे, आणि समोरून व मागून पाहून दोन्ही टोके टेबलापासून समान उंचीवर आहेत का ते मोजावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये; माझ्या दुसऱ्या मॉडेलचा डावा पंख तीन मिलिमीटर खाली राहिला आणि तो दोष आजही दिसतो. तिसरी जागा पोटाखालची आहे. मार्क १ मध्ये उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली लहान, गोलसर तेलशीतक असतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हे विसरून भाग अदलाबदल करणारे अनेक आहेत.

फट राहिलीच तर पुट्टी थोडी-थोडी, दोन-तीन थरांत भरावी. जाड थर वाळताना तडकतो. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनल रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) जाड टेपच्या आधाराने सुईच्या टोकाने पुन्हा कोराव्यात. सुई जोराने न ओढता, चार-पाच वेळा हलकी फिरवावी.

लँडिंग गिअर, पंखा, अँटेनाचा खांब आणि नळ्यांसारखे नाजूक भाग या टप्प्यावर लावू नयेत. घासताना ते तुटतात.

६. प्रायमर

प्रायमर रंग धरून ठेवतो, पण त्याचे मोठे काम तपासणीचे आहे. प्लॅस्टिक, सिमेंट आणि पुट्टी यांचे रंग वेगळे असल्यामुळे दोष लपतात. एकसारख्या करड्या थराखाली प्रत्येक ओरखडा आणि फट उघड होते. दोष दिसला की भरावा, घासावा आणि पुन्हा प्रायमर मारावा. दोन किंवा तीन फेऱ्या सहज होतात आणि त्यात काही वावगे नाही. वरचा रंग दोष झाकेल ही आशा धरू नये, कारण रंगाचा थर दोषाच्याच आकाराने बसतो.

७. रंग

क्रम फिकटाकडून गडदाकडे. आधी पोटाचा ‘स्काय’, तो पूर्ण वाळल्यावर झाकून वरचा ‘डार्क अर्थ’ तपकिरी, आणि शेवटी ‘डार्क ग्रीन’ हिरवा. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करावा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवावा आणि अनेक पातळ थर द्यावेत. पहिल्या थरात खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. एका थरात झाकण्याचा प्रयत्न केल्यास रंग ओघळतो आणि पॅनल रेषा बुजतात. हाताने रंगवताना रुंद, मऊ सपाट ब्रश वापरावा, एकाच दिशेने चालावे आणि अर्धवट वाळलेल्या भागावर परत जाऊ नये. पुढचा थर आडव्या दिशेने द्यावा.

छद्मरंगाचा नमुना मनाने काढायचा नसतो. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने तो आखून दिलेला होता, आणि त्याची ‘ए’ व ‘बी’ अशी दोन रूपे होती, एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. तुमच्या विमानावर कोणते होते हे छायाचित्रावरूनच ठरवावे. रंगांची सीमा बहुतेक छायाचित्रांत बरीच नेमकी दिसते, म्हणून १/४८ मध्ये धुसर, रुंद कडा शोभत नाही. आराखडा मॉडेलच्या मापाचा छापून, कागदाचे तुकडे कापून, ते चिकट मातीच्या छोट्या गोळ्यांवर पृष्ठभागापासून किंचित उचलून ठेवले आणि वरून सरळ फवारले की हवी तशी कडा मिळते.

मास्किंग टेप काढताना ती उलट दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढावी. सरळ वर ओढल्यास खालचा रंग सोबत येतो. टेपची चिकट बाजू आधी तळहातावर एकदा लावून तिचा जोर कमी करणे ही चांगली खबरदारी आहे.

रंगछटेविषयी एक मत नोंदवतो. मूळ विमानाचा अचूक रंग लहान मॉडेलवर अधिक गडद भासतो, म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिकटपणा मिसळावा. ‘स्काय’च्या बाबतीत तर १९४० च्या उन्हाळ्यात अधिकृत रंगाचा पुरवठा अपुरा पडल्यामुळे निळसर ते हिरवट अशा अनेक छटा प्रत्यक्षात वापरल्या गेल्या; त्यामुळे एकाच बाटलीला ‘खरी’ म्हणण्याचा आग्रह धरू नये.

८. ग्लॉस, डेकल्स, पुन्हा ग्लॉस

लढाऊ विमानाचा रंग मॅट असतो, आणि मॅट पृष्ठभाग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असतो. त्यावर डेकल लावले की खाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चांदीसारखा चमकू लागतो. डेकल्स खराब दिसण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ थर द्यावेत आणि एक दिवस थांबावे.

डेकल कडेलगत कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद भिजवावे, बाहेर काढून कागदावर एक मिनिट ठेवावे, आणि ते सुटे झाले की ओल्या ब्रशने मॉडेलवर सरकवावे. जागा पक्की झाल्यावर सुती काडीने मध्यापासून कडेकडे पाणी दाबून काढावे आणि मऊ करणारे द्रावण लावावे. द्रावणाने डेकल सुरकुतते. त्या वेळी त्याला अजिबात हात लावू नये. वाळताना ते स्वतःच ताणले जाऊन पॅनल रेषांत बसते.

चिन्हांतही तारीख बोलते. १९४० च्या उन्हाळ्यात धडावरील राष्ट्रीय चिन्हाच्या वर्तुळाला पिवळी कडा होती, पंखांच्या वरच्या वर्तुळांत फक्त लाल आणि निळा रंग होता, आणि पंखांखाली वर्तुळे होती की नव्हती हे महिन्यागणिक बदलते. आठ ब्राउनिंग मशिनगनच्या तोंडांवर चिकटवलेले लाल कापडी तुकडेही डेकल्समध्ये मिळतात. सर्व वाळल्यावर वरून आणखी एक ग्लॉस थर द्यावा, म्हणजे पुढच्या कामात डेकल्स सुरक्षित राहतात.

९. वॉश आणि वापराच्या खुणा

पातळ केलेला गडद तपकिरी-करडा तैलरंग पॅनल रेषांत सोडावा आणि अर्ध्या तासाने, जास्तीचा रंग थिनरने किंचित ओलसर केलेल्या काडीने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसावा. शुद्ध काळा वापरू नये. खाली ॲक्रिलिक ग्लॉस असेल तरच हे निर्धास्तपणे करता येते, कारण तैलरंगाचा थिनर वाळलेल्या ॲक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही. लपलेल्या जागी तपासून मगच पुढे जावे.

इथे प्रमाणाचे गणित सतत मनात ठेवावे. १/४८ मध्ये एक मिलिमीटरचा रंग उडालेला डाग म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ पाच सेंटीमीटरचा. असे शेकडो डाग दिले तर ते विमान अनेक वर्षे उघड्यावर पडलेले वाटेल, आणि १९४० मधील स्पिटफायर बहुधा काही महिन्यांचेच असे.

खुणा कुठे द्यायच्या हे विमानाच्या रचनेवरून ठरते. वैमानिकाचे लहान दार डाव्या बाजूला होते, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांची झीज जास्त. इंधनाच्या टाक्या कॉकपिटच्या पुढे होत्या, म्हणून काचेपुढच्या झाकणाभोवती सांडल्याचे डाग. मर्लिन इंजिनाच्या धुराड्यांतून निघालेला धूर धडाच्या बाजूने मागे जातो. तो निव्वळ काळा न ठेवता करडा-तपकिरी ठेवावा, आणि पोटाखाली तेलाच्या बारीक रेघा ओढाव्यात. सुकाणू, शेपटीकडील हलते पृष्ठभाग आणि १९४० मधील एलेरॉन (पंखांच्या टोकांकडील हलत्या पट्ट्या) कापडाने मढवलेले होते. तिथे रंग उडून चांदीसारखा धातू दिसणे अशक्य आहे, आणि तरीही हा दोष पुष्कळ मॉडेलांवर आढळतो. शेवटी मॅट वार्निशचा एक थर.

१०. उरलेले भाग

आता चाके, त्यांची झाकणे, पंखा आणि अँटेनाचा खांब लावावा. चाकांच्या तळाला किंचित घासून सपाट केले की विमानाचे वजन त्यावर असल्याचा भास होतो. दोन्ही पाय किंचित पुढे झुकलेले आणि बाहेर फाकलेले असतात. आराखड्यावर ठेवून कोन तपासावा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या पट्ट्या) वर ठेवावेत, कारण जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा बंदच असत. खांबापासून सुकाणूच्या टोकापर्यंत तार होती का, हे त्या विमानात कोणता रेडिओ होता त्यावर अवलंबून असते. असल्यास चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढलेला प्लॅस्टिकचा धागा वापरावा.

रंग लागू नये म्हणून कॅनोपीच्या काचेवर लावलेला टेपचा मास्क सर्वांत शेवटी काढावा. रंगाची कडा मास्कला चिकटलेली असते, म्हणून आधी नव्या पात्याने चौकटीच्या कडेने अगदी हलकी रेघ द्यावी, मग लाकडी काडीने एक कोपरा उचलावा आणि सावकाश ओढावे. चौकटीची कड कुठे फाटलीच, तर त्याच रंगात बुडवलेल्या बारीक ब्रशच्या टोकाने तेवढीच भरावी. काचेवर सांडलेला रंग वाळल्यावर लाकडी काडीच्या टोकाने खरवडून निघतो.